पुशअप मारताना खांद्याचे फरे कुठे असावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातले तीन दिवस पहाटे नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसोबत असते, दुपारनंतर क्लिनिकमध्ये. मैदानावर विचारतात, "मॅडम, पुशअप मारतो तर छातीवर काहीच येत नाही, खांदाच दुखते." क्लिनिकमध्ये तोच खांदा घेऊन तीच मंडळी येतात. दोन्हीकडे उत्तराची सुरुवात एकाच हाडापासून होते, म्हणून ते सगळं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

फरा म्हणजे नेमकं कोणतं हाड?

डावा हात कमरेमागे न्या आणि तळहाताची मागची बाजू पाठीला टेकवा. आता घरातल्या कुणाला तरी तुमची पाठ बघायला सांगा. डाव्या बाजूला एक चपटं, त्रिकोणी हाड उचललेलं दिसेल. तोच फरा. डॉक्टर त्याला स्कॅप्युला म्हणतात. दुसऱ्या बरगडीपासून साधारण सातव्या बरगडीपर्यंत तो पाठीवर पसरलेला असतो.

या हाडाची खरी गंमत अशी की ते बरगड्यांना कुठेच जोडलेलं नाही. मध्ये स्नायूंची गादी असते आणि तिच्यावरून फरा सरकतो. धडाशी त्याचं हाडाचं नातं एकच, ते गळ्याजवळच्या हाडातून, म्हणजे कॉलर बोनमधून. बाकी सगळा भार स्नायूंवर. तब्बल १७ स्नायू या एका हाडाला येऊन चिकटतात. आणि त्याच्याच कडेला एक उथळ वाटी असते, तिच्यात दंडाचं हाड बसतं. म्हणजे वाटी जिकडे वळेल तिकडे हाताला वळावं लागतं.

पुशअप तर छाती आणि दंडाचा व्यायाम. त्यात फऱ्याचं काय काम?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

तळहाताने तुम्ही जमीन जेवढी दाबता तेवढीच जमीन तुम्हाला उलट ढकलते. तो जोर मनगटातून कोपरात, तिथून दंडाच्या हाडात आणि शेवटी फऱ्याच्या वाटीत येतो. फरा तर बरगड्यांना खिळलेला नाही. मग एवढ्या जोराने तो मागे का निसटत नाही? कारण त्याला पुढून धरून ठेवणारा एक स्नायू आहे, सेरेटस अँटिरिअर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून तो निघतो, काखेखालून मागे जातो, फऱ्याच्या खालून सरकतो आणि पाठीच्या कण्याकडच्या कडेला जाऊन चिकटतो. सेरेटस म्हणजे करवतीसारखा दातेरी. बारीक अंगाच्या पैलवानाच्या बरगड्यांवर, काखेच्या खाली, बोटं रोवल्यासारख्या ज्या खाचा दिसतात ना, त्या याच्याच.

बाळाची झोळी डोळ्यांसमोर आणा. दोन खांब आणि मध्ये लोंबणारं कापड. पुशअपमध्ये तुमचे दोन हात हे खांब आहेत, आणि त्यांच्यामध्ये तुमची छाती, पोट, सगळं धड झोळीसारखं टांगलेलं असतं. झोळीला खांबाशी बांधून ठेवणारा दोर म्हणजे सेरेटस. दोर ढिला पडला की झोळी खाली येते, म्हणजे धड दोन फऱ्यांच्या मध्ये खचतं आणि फरे पाठीवर उभे राहतात.

आता हालचाल बघा. खाली जाताना दोन्ही फरे एकमेकांकडे सरकतात. ते मुद्दाम सरकवावे लागत नाहीत, तुमचं वजनच त्यांना जवळ आणतं. सेरेटस तेव्हा लांबत लांबत ते वजन धरून असतो. विहिरीत बादली सोडताना आपण दोर एकदम सोडत नाही, हातातून थोडा थोडा जाऊ देतो, अगदी तसं. वर येताना छातीचा मोठा स्नायू आणि ट्रायसेप्स, म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू, हात सरळ करतात, आणि सेरेटस फऱ्यांना बरगड्यांवरून पुढे, काखेच्या दिशेने ओढून घेतो. म्हणजे एका पुशअपमध्ये फरा मागे जाऊन परत पुढे येतो. त्याचा हा प्रवास अडवला की कामाची वाटणी बदलते. कुणी जास्त राबतं, कुणी बसून राहतं. पुढचे बहुतेक प्रश्न याच बिघडलेल्या वाटणीचे आहेत.

जिममध्ये सांगतात, "फरे मागे आवळून ठेवा, सोडू नका." ते चूक आहे का?

बेंच प्रेससाठी ते बरोबर आहे, पुशअपसाठी नाही. बेंचवर तुमची पाठ गादीला टेकलेली असते आणि हातात जड बार असतो. फरे मागे आवळले की गादीवर त्यांचा भक्कम पाया तयार होतो, खांदा डळमळत नाही. तिथे फऱ्याला तसंही फारसं सरकायला जागा नसते. पुशअपमध्ये पाठीमागे मोकळी हवा असते. तिथे फरा बांधून ठेवण्यात काहीच हशील नाही.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका जिममध्ये जायचे. तिथल्या ट्रेनरने मला सांगितलं होतं, "दोन फऱ्यांच्या मध्ये पेन धरलंय असं समज, आणि सेट संपेपर्यंत पडू देऊ नको." मी आज्ञाधारकपणे चार महिने ते पेन धरून ठेवलं. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला आधी नुसती ठणक लागायची, मग केसांना रबर लावायला हात वर नेणंही जड झालं. शेवटी कॉलेजमधल्या माझ्या एका शिक्षिकेने मला त्यांच्यासमोर पुशअप मारायला लावले, उजव्या फऱ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हा अडकलाय. सोड त्याला." बस, एवढंच. त्यांच्या तळहाताखाली फरा पहिल्यांदा पुढे सरकला तेव्हा काखेखाली जे ओढल्यासारखं वाटलं ते मला अजून आठवतं. इतके दिवस तो स्नायू मी वापरलाच नव्हता. खांदा पूर्ण शांत व्हायला दीड महिना गेला.

झालं काय होतं? फरे मागे आवळणारे स्नायू म्हणजे कणा आणि फरा यांच्यामधला ऱ्होम्बॉइड, आणि मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियसचा मधला भाग. पुशअपमध्ये वर येताना सेरेटसला फरा पुढे न्यायचा असतो. मागचे सोडायला तयार नाहीत आणि पुढच्याला ओढायचं आहे, अशी रस्सीखेच सुरू होते. त्यात सेरेटस हळूहळू माघार घेतो. फरा जागचा हलत नाही, पण हात तर हलतोच. मग दंडाच्या हाडाचं डोकं वाटीत पुढच्या बाजूला रेटलं जातं आणि तिथले मऊ भाग चिमटतात.

एक सवलत द्यायला हवी. ज्यांना फरे मागे जातात म्हणजे काय हेच कळत नाही, त्यांनी पुशअपच्या आधी उभ्या उभ्या दोन-चार वेळा ते आवळून बघायला हरकत नाही. ओळख होते. पण जमिनीवर गेल्यावर ते सोडून द्यायचं.

मग उलट केलं तर? फरे कायम पुढे ढकलून ठेवले तर?

पाठ मांजरीसारखी गोल करून पुशअप मारणारे मैदानावर खूप दिसतात. अशांचा सेरेटस जागा असतो, हे खरं. पण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आखडलेलाच राहतो, लांबत नाही, त्यामुळे अर्धंच काम होतं. छातीखाली पेक्टोरालिस मायनर नावाचा छोटा स्नायू असतो, तो फऱ्याच्या पुढच्या टोकाला धरून त्याला पुढे-खाली झुकवतो. आधीच मोबाइलवर वाकून तो आखडलेला, त्यात ही भर. फरा पुढे झुकला की खांद्याच्या टोकाखालची जागा कमी होते आणि रोटेटर कफचा, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार छोट्या स्नायूंचा, दोरा तिथे घासायला लागतो. शिवाय अशा पुशअपमध्ये छाती खाली जातच नाही. मुलं ५० मारतात, पण कोपर जेमतेम वाकलेलं असतं.

माझे खांदे वर चढून कानाला लागतात आणि मान आखडते. काहून?

ट्रॅपिझियसचा वरचा भाग सेरेटसचं काम करायला धावून येतो, म्हणून. सेरेटस दमला किंवा मुळात कमजोर असला की हे हमखास होतं. बहुतेकांचं पहिल्या सात-आठ पुशअपपर्यंत ठीक असतं, पुढे खांदे चढायला लागतात. जिथे चढायला लागले तिथेच सेट संपला असं समजा, आकडा कितीही राहिलेला असो. हात सरळ असताना मान लांब करा, खांदे कानापासून दूर, खिशाच्या दिशेने जाऊ द्या आणि मग पुढचा पुशअप घ्या.

"पुशअप प्लस" ऐकलं आहे. ते काय असतं?

साधा पुशअप मारून वर आलात, कोपर सरळ झालं. बहुतेक जण इथे थांबतात. प्लसमध्ये इथून पुढे अजून थोडं जायचं: कोपर न वाकवता, कंबर न उचलता, जमीन आणखी दूर ढकलायची. पाठीचा वरचा भाग दोन-चार बोटं वर येतो, फरे काखेकडे सरकतात, काखेखाली घट्ट लागतं. क्षणभर थांबायचं आणि परत खाली.

एवढ्या छोट्या हालचालीवर गेली तीसेक वर्षं अभ्यास चालू आहे. अमेरिकेतल्या पॉला लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्वचेवर इलेक्ट्रोड लावून, म्हणजे ईएमजी करून, वेगवेगळ्या पुशअपमध्ये सेरेटस आणि ट्रॅपिझियसचा वरचा भाग यांची तुलना केली. भिंतीवरचा, गुडघ्यावरचा, कोपरांवरचा आणि जमिनीवरचा पूर्ण, असे प्रकार त्यांनी घेतले होते. जमिनीवरच्या पूर्ण पुशअप प्लसमध्ये सेरेटसच्या तुलनेत वरचा ट्रॅपिझियस सगळ्यात कमी राबत होता, आणि प्लसच्या टप्प्यात हा फरक सगळ्यात स्पष्ट होता. मान आखडणाऱ्यांना मी प्लस का देते, त्याचं कारण हेच.

ईएमजीबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. त्यात स्नायूतल्या विजेचा आकडा मिळतो, ताकदीचा नाही. एखाद्या प्रकारात आकडा मोठा आला म्हणजे त्याने स्नायू तेवढाच मोठा होईल असं नसतं. तुलना करायला हे साधन चांगलं, भविष्य सांगायला नाही.

प्लस करताना दोन चुका कायम दिसतात. एक, कंबर वर उचलून उंची आल्याचा भास करायचा. दुसरी, मान खाली टाकायची. मागून बघणाऱ्याला तुमच्या पाठीच्या वरच्या भागाचीच हालचाल दिसली पाहिजे, बाकी सगळं फळीसारखं.

आजोबा आखाड्यात जोर काढायचे. जोर आणि पुशअप यात फऱ्यांच्या दृष्टीने काय फरक?

हा प्रश्न नागपुरातल्या महाल भागातल्या एका पोट्ट्याने विचारला होता आणि मला फार आवडला, कारण आपल्याकडचा जोर हा फऱ्यासाठी पुशअपपेक्षा भरलेला व्यायाम आहे.

पुशअपमध्ये फरा मुख्यतः मागे-पुढे सरकतो. जोर काढताना सुरुवातीला कंबर उंच, डोकं दोन्ही दंडांच्या मध्ये. सूर्यनमस्कारातल्या पर्वतासनासारखं. म्हणजे धडाच्या हिशोबाने हात डोक्यावर गेलेले असतात. हात डोक्यावर जाताना फऱ्याला वरच्या बाजूला फिरावंच लागतं. १९४४ साली इन्मन, साँडर्स आणि ॲबट यांनी हे मोजून ठेवलं आहे: हात पूर्ण वर जाताना साधारण १८० अंशांपैकी १२० अंश दंडाचं हाड वाटीत फिरतं आणि ६० अंश फरा बरगड्यांवर फिरतो. दोनास एक. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण माणसागणिक आणि कोनागणिक थोडं बदलतं असं दिसलं, पण ढोबळ हिशोब आजही तोच शिकवतात. फरा असा फिरवायला सेरेटस, ट्रॅपिझियसचा वरचा भाग आणि त्याचा खालचा भाग, तिघांना मिळून ओढावं लागतं.

मग छाती जमिनीजवळून घासत पुढे जाते. तिथे पुशअपसारखंच फरे जवळ येतात. आणि शेवटी छाती वर, नजर वर, भुजंगासनासारखं. तिथे खांदे खाली दाबावे लागतात, नाहीतर ते कानात शिरतात. एका जोरात फरा वर फिरतो, मागे येतो, खाली दाबला जातो आणि परत वर जातो. आपल्या जुन्या लोकांनी ईएमजी न लावता हे बसवलं, त्याचा मला मनापासून आदर वाटतो. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हा वारसा जपत आलं आहे, म्हणजे विदर्भात याला शंभराहून जास्त वर्षांची अखंड परंपरा आहे.

पण ज्याचा खांदा आधीच दुखतो त्याने जोरापासून सुरुवात करू नये. हात डोक्यावर असताना वजन पेलणं ही पुढची पायरी आहे. आधी साधा पुशअप, त्यात फरा मोकळा, मग प्लस, मग जोर.

मला फक्त छाती वाढवायची आहे. फऱ्याकडे लक्ष देऊन उपयोग काय?

छातीचा मोठा स्नायू फऱ्याला चिकटत नाही. तो छातीच्या मधल्या हाडापासून आणि कॉलर बोनपासून निघून थेट दंडाच्या हाडाला जातो. त्यामुळे खाली गेल्यावर फरे जवळ आलेले असले तर तो जास्त ताणला जातो, आणि ताणलेल्या अवस्थेत काम मिळणं स्नायू वाढायला चांगलं. म्हणजे तळाशी फरे जवळ येऊ देणं तुमच्याच फायद्याचं आहे. वर येताना मात्र ते पुढे जाऊ द्या. "वरपर्यंत ढकललं की छातीवरचा ताण जातो" असं म्हणून काही जण वरचा भाग सोडून देतात. छातीपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. पण सेरेटसला उपाशी ठेवून वाढवलेली छाती सहा महिन्यांनी दुखरा खांदा घेऊन येते, हे मी क्लिनिकमध्ये इतक्या वेळा पाहिलं आहे की हा सौदा मला मान्य नाही.

हात किती लांब ठेवायचे? कोपरं कुठे?

खांद्यापेक्षा जरासे रुंद. कोपरं धडापासून साधारण ४५ अंशांवर, अगदी बाजूला फाकलेली नकोत. हात फार रुंद ठेवले तर छाती जास्त राबते असा समज आहे, पण २००५ च्या एका ईएमजी अभ्यासात जवळ हात ठेवल्यावर छाती आणि ट्रायसेप्स दोन्हींचं काम रुंद हातांपेक्षा जास्त दिसलं. हात फार रुंद असले की फऱ्याला पुढे सरकायलाही जागा कमी उरते.

माझे फरे पाठीवर पंखासारखे बाहेर येतात. हे गंभीर आहे का?

दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यातला फरक ओळखणं फार गरजेचं आहे.

पहिला प्रकार: दोन्ही बाजूंना थोडे थोडे बाहेर येतात, वर्षानुवर्षं तसेच आहेत, दमल्यावर जास्त दिसतात, मुद्दाम ढकललं की आत जातात. हा बहुतेकदा कमजोर, वापरात नसलेला सेरेटस असतो. व्यायामाने सुधारतो.

दुसरा प्रकार: एकाच बाजूचा फरा, अचानक, काही दिवसांत बाहेर यायला लागला. कधी आधी खांद्यात जबरदस्त दुखलं होतं, कधी अपघात झाला होता, कधी जड पिशवी खांद्यावर बरेच तास होती. भिंतीला दोन्ही तळहात लावून ढकललं की त्या बाजूचा फरा पाखराच्या पंखासारखा उभा राहतो आणि हात डोक्यावर नेता येत नाही. इथे सेरेटसला जाणारी नस, लाँग थोरॅसिक, दुखावलेली असू शकते. मानेतून निघून ती बरगड्यांवरून बरीच लांब उतरते, म्हणून तिला ताण सहज बसतो. अशा वेळी पुशअप मारून बघू नका. नागपुरात असाल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, यांपैकी एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत जा किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. नस बरीचदा सावरते, पण तिला महिने लागतात, आणि तोवर काय करायचं, काय नाही, हे तपासून ठरवावं लागतं.

पूर्ण पुशअप जमतच नाही. गुडघे टेकून केलं तर फऱ्याला फायदा मिळतो का?

मिळतो. हातांवर किती वजन येतं ते बघा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत साध्या पुशअपमध्ये वरच्या स्थितीत शरीराच्या वजनाच्या सुमारे ६९ टक्के आणि खालच्या स्थितीत ७५ टक्के भार हातांवर आला. गुडघे टेकल्यावर तो सुमारे ५४ आणि ६२ टक्के झाला. ७० किलोच्या माणसाने हात सरळ ठेवले तर साध्या पुशअपमध्ये जवळपास ४८ किलो, गुडघ्यावर ३८ किलो. म्हणजे गुडघ्यावरचा पुशअप काही फुकटचा नाही.

माझी स्वतःची पसंती मात्र गुडघ्यांपेक्षा हात उंचावर ठेवण्याला आहे. मैदानाच्या कडेची बाकं, घरातला ओटा, जिन्याची तिसरी पायरी. शरीर सरळ राहतं, फरे नीट सरकतात आणि जमेल तसं एकेक पायरी खाली येता येतं. अगदी सुरुवातीला भिंत. पण भिंतीवर भार इतका कमी असतो की महिनाभर तिथेच रमू नका.

पोलीस भरतीत पुशअप नाहीत. मग मैदानावर एवढा वेळ फऱ्यावर का घालवायचा?

गोळाफेक आहे म्हणून. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना ७.२६० किलोचा गोळा आणि मुलींना ४ किलोचा. ५० पैकी १५ गुण त्याचे. गोळा मानेजवळून सुटताना शेवटचा धक्का कुठून येतो? पाय, कंबर, छाती, कोपर हे सगळं झाल्यावर शेवटी फरा पुढे आणि वर सरकतो, आणि हात अजून थोडा पुढे जातो. ज्याचा फरा अडकलेला, त्याचा गोळा कोपरातूनच सुटतो.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी रोज यायची. गोळा फेकला की तिचा उजवा खांदा मागेच राहायचा. मी तिला गोळा बाजूला ठेवायला लावला आणि तीन आठवडे बाकावर हात ठेवून पुशअप प्लस दिले. ती वैतागली. "मॅडम, गोळा फेकायचा सोडून मी हे काय करून राहिली?" चौथ्या आठवड्यात परत गोळा हातात घेतला. फेकून झाल्यावर तिने स्वतःच्या काखेखाली हात लावला आणि म्हणाली, "इथून गेला आज."

मी बरोबर करतोय की नाही हे घरी कसं तपासू?

सदरा काढून किंवा मागून उघडा टी-शर्ट घालून, मोबाइल मागच्या बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवा आणि हळू पाच पुशअपचा व्हिडिओ काढा. खाली जायला तीन आकडे, वर यायला दोन. नंतर बघा: फरे जवळ येतात का, परत दूर जातात का, दोन्ही एकाच वेळी सरकतात का, आतली कड पाठीवरून उचलून उभी राहते का.

व्हिडिओपेक्षा माणसाचा हात जास्त सांगतो. मैदानावर आम्ही जोड्या लावतो. एकाने पुशअप मारायचा, दुसऱ्याने बाजूला गुडघ्यावर बसून दोन्ही फऱ्यांवर हलके तळहात ठेवायचे. दाबायचं नाही, फक्त ठेवायचे. डिसेंबरच्या पहाटे गार तळहात पाठीवर पडला की पोरं आधी दचकतात, पण पुढच्याच पुशअपला त्यांना स्वतःचा फरा कळतो. ज्याला कधीच जाणवला नव्हता त्यालाही. बोलून वीस मिनिटांत जे समजत नाही ते या स्पर्शाने दोन पुशअपमध्ये समजतं.

फरा सरकताना कट्कट् आवाज येतो.

दुखत नसेल तर सोडून द्या. दुखत असेल, किंवा आवाजासोबत हात अडकत असेल, तर दाखवा.

दिवसभर लॅपटॉपवर असतो. संध्याकाळी पुशअप मारले की खांदा धरतो.

पाठीचा वरचा भाग आखडला की बरगड्यांची गोलाई बदलते, आणि फरा तर त्याच गोलाईवर सरकणार. वाकड्या रुळावर गाडी नीट चालत नाही. पुशअपच्या आधी पाच मिनिटं द्या: खुर्चीच्या पाठीवर मान आणि हात मागे टाकून पाठीचा वरचा भाग उघडणं, दाराच्या चौकटीत हात टेकून छातीचा पुढचा भाग ताणणं, आणि मग हात आणि गुडघे जमिनीवर टेकून, कोपर सरळ ठेवून, नुसते फरे मागे-पुढे दहा वेळा. शेवटच्या व्यायामाला स्कॅप पुशअप म्हणतात. तो मी ज्यांना पुशअप मुळीच जमत नाही त्यांनाही पहिल्या दिवशी देते.

किती करायचे आणि किती दिवसांत फरक पडतो?

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. तीन सेट, प्रत्येकात जितके फरा मोकळा ठेवून जमतील तितके. शेवटचे दोन-तीन पुशअप प्लससह. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सहाच्या आत मैदान आटपा आणि सेटमध्ये जास्त विश्रांती घ्या. दमलेल्या शरीरात सगळ्यात आधी सेरेटसच हार मानतो.

काखेखाली काम होतंय ही जाणीव पहिल्या आठवड्यात येते. ताकदीत फरक दिसायला सहा ते आठ आठवडे धरा. खांदा दुखत असेल आणि चार आठवड्यांत काहीच हललं नसेल, तर वाट बघत बसू नका, कुणाला तरी तुमच्या फऱ्यावर हात ठेवून बघू द्या.